गाडी वाजते

मराठीतले 'वाजणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. सनई वाजते, घड्याळात आठ वाजतात, पौषात थंडी वाजते, आणि दोन सख्ख्या भावांचे बांधावरून वाजते तेही याच क्रियापदाने. गॅरेजात गेले की त्याचा आणखी एक अर्थ कळतो. तिथे गाडी वाजते. 'टॅपेट वाजतंय', 'पिन वाजते', 'बेअरिंग वाजतंय' अशी वाक्ये मिस्त्री लोक वैद्याने 'पित्त वाढले आहे' म्हणावे तितक्या सहजतेने बोलतात. आमच्या घरी गेल्या वर्षी जुलैपासून दिवाळीपर्यंत हे क्रियापद बहुतेक सगळ्या अर्थांनी वापरून झाले.

आम्ही दोघे मराठीचे एम. ए., दोघेही चाळिशी ओलांडलेले, दोघेही शिकवण्याच्या नोकरीत. मात्र 'नोकरी' हा शब्द दोघांना सारखा लागू होत नाही. आमच्यातला एक शहरातल्या अनुदानित महाविद्यालयात कायम आहे. दुसरी नेट आणि सेट या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊन, पीएच. डी. पूर्ण करून, कन्नड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच, की तास झाला तर मानधन, नाही झाला तर नाही; आणि दर वर्षी नव्याने मुलाखत. ती रोज जाऊन-येऊन सुमारे सव्वाशे किलोमीटर प्रवास करते, तो आमच्या मारुती ८०० मधून.

गाडी २००८ ची. आम्ही ती २०१४ मध्ये दुसऱ्याकडून घेतली. त्याच वर्षीच्या जानेवारीत, डिसेंबर १९८३ पासून चालत आलेले या गाडीचे उत्पादन कायमचे थांबले, हा योगायोग त्या वेळी आम्हांला जरा भावनिक वाटला होता. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२३ मध्ये तिची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून पाच हजार झालेले, त्यावर पर्यावरण कर. तेव्हाच नातेवाइकांनी 'भंगारात काढा' असे सुचवले होते. काट्यावर आज एक लाख शहाऐंशी हजार किलोमीटर आहेत.

आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो दौलताबादला. या रस्त्याने गेलेल्यांना किल्ल्याच्या तटबंदीतला तो अरुंद दरवाजा आठवेल, जिथे समोरून एसटी आली की दोन्हीकडची वाहने थबकतात. उघड्या माळावर गाडीचा आवाज वाऱ्यावर निघून जातो. दगडी भिंतीशेजारून जाताना मात्र तो भिंतीवर आपटून खिडकीतून परत येतो. त्या दरवाजात गाडीच्या नेहमीच्या घरघरीवर एक बारीक, कोरडी, नेमाने पडणारी टिकटिक तिला ऐकू आली. दरवाजा ओलांडला आणि ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा. आठवड्याभरात दरवाजाची गरज उरली नाही. खुलताबादचा घाट चढून वेरूळच्या बाजूला उतरेपर्यंत ती सोबत असे.

हे तिने घरी सांगितले तेव्हा आमच्यातल्या त्याने जे उत्तर दिले ते येथे नोंदवणे भाग आहे, कारण हा लेख दोघांनी मिळून लिहायचा ठरला त्याची ती अटच होती. तो म्हणाला, "जुनी गाडी आहे, आवाज असायचाच." रविवारी त्याने गाडी सिडकोतून क्रांती चौकापर्यंत नेऊन आणली. जालना रोडवरच्या त्या कोलाहलात त्याला काही ऐकू आले नाही, आणि न ऐकू येणे म्हणजे नसणे, असा निर्णय त्याने दिला. समीक्षेच्या तासाला हाच माणूस मुलांना बजावतो, की आधी संहिता वाचा, मग अभिप्राय द्या.

ती मात्र शब्दावर अडली होती. आवाज कसा आहे, हे तिला नेमके सांगता येईना. एका रात्री तिने वहीत यादीच केली: खडखड, खटखट, टकटक, टिकटिक, ठकठक, ठणठण, कटकट, करकर, धडधड. मराठी माणसाच्या कानाने या बाबतीत भाषेची मोठी सेवा केली आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा ध्वन्यनुकारी शब्दांची रेलचेल आहे. व्याकरणकारांनी त्यांना अनुकरणवाचक म्हणून अभ्यस्तांच्या कोपऱ्यात बसवले आणि आम्हीही बी. ए.च्या मुलांना दोन-चार उदाहरणे देऊन पुढे जातो. पण यादी समोर ठेवून पाहिले तर ही शब्दसंपत्ती चांगलीच काटेकोर आहे. 'खडखड' म्हणजे काही तरी सैल सुटले आहे. 'खटखट' मध्ये दोन कठीण वस्तू एकमेकींवर आपटतात. 'ठकठक' जड, आतून येणारी. 'टिकटिक' हलकी, वरवरची, आणि तिच्यातला तो ऱ्हस्व इकार वस्तू लहान असल्याची ग्वाही देतो. तिने बाकी शब्द खोडले आणि 'टिकटिक' वर गोल केला. पुढे हा गोल बराच कामाला आला.

दरम्यान महाविद्यालयातल्या शिक्षक-कक्षात निदाने सुरू झालीच होती. एकाचे म्हणणे, पेट्रोलमधल्या इथेनॉलचा हा प्रताप. २०२५ मध्ये देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले तेव्हापासून जुन्या गाड्यांची सगळी दुखणी त्याच्या नावावर जमा होत आहेत. त्यातली काही खरीही असतील. जुन्या गाड्यांमधले रबरी भाग त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते आणि गाडी लिटरमागे पूर्वीपेक्षा कमी चालते. परंतु आवाजाच्या बाबतीत हा आरोप उलटा पडतो. अवेळी पेट घेतल्यामुळे इंजिनात जी किणकिण होते ती इंधनाचा ऑक्टेन कमी पडल्याने; इथेनॉलचा ऑक्टेन तर पेट्रोलहून जास्त. शिवाय ती किणकिण चढावर, पाय दाबला की येते. उभ्या गाडीत येत नाही. आमची टिकटिक उभ्या गाडीतही येत होती. दुसऱ्या सहकाऱ्याने 'म्युझिक सिस्टीम बसवा' असा उपाय सुचवला. तो विनोदी माणूस आहे. पण अनेक जण हाच उपाय खरोखर करतात असे आम्हांला नंतर कळले.

सप्टेंबरमध्ये गाडी एका चकचकीत वर्कशॉपात नेली. (नाव सांगण्यात अर्थ नाही.) तिथे काउंटरवरच्या मुलाने आमच्यातल्या त्याला विचारले, "सर, काय प्रॉब्लेम?" त्याने तिच्याकडे बोट दाखवले. मुलाने तिचे ऐकले आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच विचारला. त्यांनी टॅपेटचे कव्हर उघडले, फिलर गेज घालून फटी तपासल्या, थोड्या जुळवल्या, कव्हर लावले. टिकटिक तशीच. गेज तर सांगत होते की वर सगळे बरोबर आहे. मग तर्क सोपा होता: वर दोष नाही, तर दोष खाली. खाली म्हणजे इंजिनाच्या तळाला, क्रँकच्या बेअरिंगांपाशी. इंजिन उतरवावे लागेल, पूर्ण खोलावे लागेल, एवढ्या किलोमीटरला पिस्टन-रिंगाही बदलून घ्या. छापील अंदाजपत्रक आले: ३८,००० रुपये. खाली एक ओळ हाताने लिहिलेली होती, 'खोलल्यावर वाढू शकते'.

अडतीस हजार हा आकडा काही घरांत किरकोळ असेल. आमच्या घरात त्या आकड्याचे भाषांतर ताबडतोब तासिकांमध्ये झाले, आणि त्या तासिकांचे मानधन मार्चपासून यायचे राहिले होते. बाजारात या गाडीची किंमतही अडतीस हजारांच्या फार वर नव्हती. म्हणजे प्रश्न दुरुस्तीचा उरला नाही. गाडी ठेवायची की विकायची असा झाला, आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता तो आम्ही दोघांनीही तीन-चार दिवस उच्चारला नाही. गाडी गेली तर कन्नडची नोकरी परवडते का? वर्कशॉपवाल्याने 'शक्यतो चालवू नका' असे सांगितल्याने त्या आठवड्यात ती एसटीने गेली. सकाळचा पहिला तास दोनदा हुकला, एकदा परतीला साडेआठ झाले. गुरुवारी रात्री त्याने हिशेबाचा कागद पुढे ओढून म्हटले, "एवढ्यासाठी एवढी धावपळ कशाला? इथेच एखाद्या क्लासला मिळेल काही." तो हिशेबाने बरोबर होता. सतरा वर्षे शिकवणाऱ्या माणसाला असे हिशेबाने बरोबर वाक्य ऐकवले की काय होते, ते सांगत नाही. वर 'वाजणे' या क्रियापदाचा बांधावरचा अर्थ दिला आहेच.

उस्तादांचा पत्ता दिला आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याने. रोशन गेटच्या अलीकडे एका गल्लीत, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा. उस्ताद सत्तरीचे. हात त्यांनी कमावला तो अँबेसेडरवर, ज्या काळात वेरूळ-अजिंठ्याचे परदेशी पाहुणे अँबेसेडरमधून जात त्या काळात. आता हातात पाना घेतात तो पुतण्या. उस्ताद खुर्चीवर बसून ऐकतात. गाडी आत घेतल्याबरोबर आमच्यातल्या त्याने अंदाजपत्रक काढून बेअरिंगांबद्दल बोलायला सुरुवात केली. उस्तादांनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. "जरा ठैरो सर, गाडी कौन चलाता?" ती म्हणाली, मी. "तो मॅडमकू बोलने देव."

वलीच्या दखनीची ही आजची रस्त्यावरची भावंडे ऐकायला गोड असतात, पण त्या दिवशी गोडवा भाषेपुरता नव्हता. त्यांनी तिला जे विचारले ते प्रश्न क्रमाने असे. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर जास्त वाजते आणि गरम झाल्यावर थांबते का? नाही, थांबत नाही. (थांबली असती तर झिजलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आहे असा संशय, गरम झाला की पिस्टन फुगतो आणि ती फट भरते. किंवा मग सायलेन्सरच्या बाजूची गॅसकेट गळते आहे. तीही धातू तापला की पुष्कळदा मिटते.) पाय दाबला की वेग वाढतो का आवाजाचा? हो, इंजिनाबरोबर वाढतो. आणि घाटात? "चढाव पे भारी होता क्या?"

खुलताबादचा घाट ती आठवड्यातून सहा दिवस चढते. तिने क्षणभरही विचार केला नाही. "नाही. घाटात इंजिन रडतं, पण ती टिकटिक तेवढीच राहते."

उस्ताद हसले. बेअरिंग गेले असते तर चढावर, भार आला की, ठोका जड झाला असता. कनेक्टिंग रॉड प्रत्येक धक्क्याला ती सैल जागा आपटत खाली येतो. झडपा उघडमिट करणाऱ्या वरच्या यंत्रणेला चढ-उताराशी फारसे देणेघेणे नसते. म्हणजे जे निदान वर्कशॉपने अडतीस हजारांना केले ते खोडून काढणारा पुरावा जुलैपासून आमच्या घरात होता. तिने तो एकदा सांगितलाही होता, असे तिचे म्हणणे आहे. आमच्यातल्या त्याला तसे आठवत नाही. असो.

मग त्यांनी कामाला घेतला हातभर लांबीचा पेचकस. त्याचे टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाशी. टोक टॅपेट कव्हरवर तीन ठिकाणी, मग खाली ब्लॉकवर, मग तेलाच्या टाकीच्या कडेला असे फिरले. १८१६ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयात लाएनेक या डॉक्टराने एका तरुण स्त्रीच्या छातीला थेट कान लावणे अवघड वाटल्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून ऐकले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. त्या सुरळीचा आणि या पेचकसाचा सिद्धान्त एकच: मधली हवा आणि मधला गोंगाट टाळून दुखण्याच्या जागेला कान लावणे. उस्तादांनी आम्हांलाही ऐकू दिले. खाली ब्लॉकवर एक सलग, घुमणारा, समजूतदार आवाज. वर, तिसऱ्या सिलिंडरच्या टोकाशी, कानात सुई टोचावी तशी टिक, टिक, टिक. आमच्यातल्या त्याला ती पहिल्यांदाच ऐकू आली. त्याने पेचकस बराच वेळ सोडला नाही.

खात्रीसाठी पुतण्याने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढली तेव्हा इंजिन लंगडले, पण टिकटिक जराही कमी झाली नाही. आत स्फोटच होत नसताना आवाज तसाच राहतो, तर तो स्फोटाचा धक्का खाणाऱ्या भागांतून येत नाही. "टिक ऊपर, ठक नीचे," उस्ताद म्हणाले. वहीतला तो गोल आम्हां दोघांनाही एकदमच आठवला.

त्यानंतर त्यांनी डिपस्टिक काढली आणि आम्ही दोघेही ओशाळलो. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. गाडीला पेट्रोल लागते हे आम्हांला ठाऊक होते. तेल मधल्या काळात पाहावे लागते, जुने इंजिन ते थोडे थोडे पिते, हे नव्हते. वर्कशॉपने नव्हते पाहिले हे खरे, पण अकरा वर्षांत आम्ही ती काठी किती वेळा काढली याची मोजदाद एका हाताच्या बोटांवर होईल. वरपर्यंत तेल पोहोचण्याआधीच तिथे धातू धातूवर कोरडा घासत होता.

कव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उघडले, कारण टॅपेटची फट थंड इंजिनात मोजायची असते. हे इंजिन साधे आहे: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येकाला आत घेणारी एक आणि बाहेर सोडणारी एक अशा सहा झडपा. वरचा कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो आणि रॉकर नावाच्या छोट्या तरफेचे एक टोक उचलतो. दुसऱ्या टोकाला एक स्क्रू असतो, तो झडपेचा दांडा दाबतो. स्क्रू आणि दांडा यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी मोकळी जागा मुद्दाम ठेवतात. धातू तापला की लांबतो. जागाच ठेवली नाही तर झडप पूर्ण मिटत नाही, तिच्या कडेने जळते वायू निसटतात आणि ती करपते. म्हणून टॅपेट अगदी आवळून गाडी मुकी करून देणारा मिस्त्री वाईट. किंचित वाजणारे इंजिन जगते. जागा फार झाली की मात्र स्क्रू दांड्यावर हातोडीसारखा पडतो, मिनिटाला चारशे-साडेचारशे वेळा, तेही गाडी उभी असताना.

पुतण्याने फिलर गेजची पट्टी तिसऱ्या सिलिंडरच्या बाहेरच्या झडपेपाशी घातली. वर्कशॉपचे म्हणणे खरे होते: फट बरोबर. उस्ताद म्हणाले, स्क्रू काढ. काढला. त्याचे टोक त्यांनी बोटाने चाचपले आणि तिच्या तळहातावर ठेवले. टोक गुळगुळीत, फुगीर असायला हवे. तिथे झडपेच्या दांड्याने एक लाख ऐंशी हजार किलोमीटर आपटून स्वतःच्या आकाराचा एक खळगा पाडला होता. पोलादाची सपाट पट्टी त्या खळग्यात उतरत नाही; ती खळग्याच्या कडांवर टेकते. मोजते ती कडांपासूनची फट. दांडा मात्र खळग्याच्या तळाशी जाऊन भिडतो. पट्टी खोटे बोलत नव्हती. तिला जे विचारले त्याचेच उत्तर ती देत होती.

आणखी एका स्क्रूला खळग्याची सुरुवात होती. दोन्ही बदलले. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून पुतण्या तिला इंच-इंच ढकलत होता, त्याबरोबर कॅम वळत होता, आणि उस्ताद एकेक झडप पूर्ण मिटली की पट्टी घालून, चेकनट आवळून, पट्टी पुन्हा ओढून पाहत होते. पट्टी निघताना किती अडावी हे त्यांनी तिला हाताला दाखवले. सैल नको, अडकायलाही नको. पुस्तकातून पान ओढावे तशी. नवे पॅकिंग, नवे तेल, फिल्टर. दुपारी बारा वाजता गाडी सुरू झाली. सगळा हिशेब २,३५० रुपये. त्यात तेलच निम्म्याच्या वर.

परतताना जालना रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "क्लासचं मी बोललो ते…" ती म्हणाली, "सिग्नल पडला." क्लासचा विषय पुन्हा निघालेला नाही, आणि मानधनाचा पहिला हप्ता डिसेंबरात आला. जुना स्क्रू तिने मागून घेतला. अनुकरणवाचक शब्द शिकवताना ती तो वर्गात फिरवते. मुले खळग्याला नख लावून पाहतात.

नाताळच्या सुटीत एकदा दोघेही त्या रस्त्याने गेलो. दौलताबादच्या दरवाजात नेहमीप्रमाणे समोरून एसटी आली. आम्ही थांबलो, त्याने आपणहून काच खाली केली आणि कान बाहेर दिला. दगडी भिंतीवरून फक्त घरघर परत आली. एसटी गेली, गाडी पुढे निघाली, आणि तो म्हणाला, "पण मागच्या उजव्या चाकापाशी काही तरी करकरतंय, नाही?"

ते तिला ऑगस्टपासून ऐकू येत होते.